‘हिरोज जर्नी’ला मराठीत काय म्हणायचं? शब्द हवाय, पालकसभेआधी

शाळेतली सावली :
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आईवडिलांनी आपल्याच आयुष्यातल्या शिकण्याच्या गोष्टी लेकरांना सांगाव्यात, असा उपक्रम घेतलाय. त्यासाठी मिळालेल्या पुस्तिकेत ‘हिरोज जर्नी’ आहे. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकानं १९४९ साली मांडलेली कल्पना. देशोदेशीच्या पुराणकथांची ठेवण एकच, असं त्याचं म्हणणं : माणूस घर सोडतो, अनोळखी मुलखात कसोटीला उतरतो, काही कमावून परत येतो. त्यानं याचे १७ टप्पे केले, पुढं पटकथावाल्यांनी ते १२ वर आणले. टप्प्यांचं राहू द्या, मी नावातच अडकलेय.

मागच्या सभेत फळ्यावर ‘नायकाचा प्रवास’ लिहिलं. मागं बसलेली एक आई म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी कोनी नायक नाई. आमी वावरात जातो न् वावरातून येतो.” बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. ही आई ४५व्या वर्षी बचतगटासाठी सही शिकली, लेकीच्या पाटीवर गिरवून. तिच्यापाशी अख्खी गोष्ट आहे आणि माझ्या शब्दानं तिला वर्गाबाहेर बसवलं. मला हे फार लागलं. शुक्रवारी पुन्हा सभा आहे. दुसरा शब्द सुचवा. जमलं तर ‘कॉल’ म्हणजे निघायची हाक, ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे ओलांडायची हद्द आणि शेवटी आणायचं ते ‘एलिक्झिर’, शब्दशः अमृत, यांनाही.

जुनी पोथी :
‘प्रवास’ इथं बसतच नाही. संस्कृतात प्र + वस् म्हणजे घरापासून दूर राहणं. परत येणं त्यात नाही. त्याच धातूचं ‘प्रोषित’, आणि काव्यशास्त्रातल्या आठ नायिकांतली ‘प्रोषितभर्तृका’, जिचा नवरा परगावी आहे ती. ‘नायक’ मात्र सोडू नका. नी म्हणजे नेणे, इतरांना घेऊन जातो तो नायक. पालकांना कळत नाही म्हणून चांगला शब्द टाकायचा, ही सवय वाईट. शब्द शिकवले तर लोक शिकतात. सही शिकलेली बाई ‘नायक’ शिकणार नाही का?

तांड्यावरून :
पोथी सर, नी धातू आज कळला, पण तुमचा अर्थ आमच्या बंजारा तांड्यात अजून जिवंत आहे. दिग्रसकडचा आहे मी. तांड्याचा प्रमुख तो नायक. मीठ, धान्य बैलांच्या पाठीवर लादून आमचे लोक मुलूखभर फिरायचे तेव्हा नायक पुढं असायचा, पण एकटा कधीच नाही. बायका, पोरं, ढोरं, सगळं सोबत. कॅम्बेलचा माणूस एकटा निघतो, आमचा नायक एकटा निघाला तर तो नायकच नाही. म्हणून मॅडमच्या कामाला हा शब्द मला उलट जवळचा वाटतो. मला आश्रमशाळेत सोडायला घरचे सहा जण आले होते. पत्र्याची पेटी बापानं डोक्यावर घेतली, आजीनं अंथरुणाची वळकटी. शिकलो मी एकटा, असं मी आजही म्हणत नाही.

माहेरवाशीण :
प्रोषितभर्तृका वाचून राहवलं नाही. नायक गेला की नायिका दारात उभी, हीच का तिची गोष्ट? माझं माहेर कौंडण्यपूरच्या बाजूचं. रुक्मिणी आमच्याकडची लेक. सांगावा कुणी धाडला? तिनं. कृष्ण तिच्या सांगाव्यावरून आला. तेव्हा ‘कॉल’ला ‘सांगावा’ म्हणा, आव्हान-बिव्हान नको. आव्हान शत्रू देतो, सांगावा आपल्या माणसाचा येतो. आणि ‘हिरोज जर्नी’ला माझं मत ‘वारी’. कौंडण्यपूरहून पालखी पंढरपूरला जाते आणि माघारी येते. जाणं-येणं दोन्ही त्या एका शब्दात आहे.

शाळेतली सावली :
‘सांगावा’ घेतला, ताई. ‘वारी’बद्दल धाकधूक आहे. माझ्या वर्गात बौद्ध आणि मुसलमान घरची लेकरं आहेत. त्यांच्या आयांनाही तो शब्द आपला वाटला पाहिजे.

माहेरवाशीण :
पण कचेरीच्या वाऱ्या, दवाखान्याच्या वाऱ्या असं सगळेच म्हणतात की.

जुनी पोथी :
म्हणतात, पण हेलपाटे झाले की म्हणतात. मुलांच्या मनात तो अर्थ आधी येईल.

धुरकरी :
माहंबी आयका. ‘थ्रेशोल्ड’ले उंबरठा लिवसान तं मानूस घरातच राह्यला. आमच्याइकडे पोट्टं खरं बाहीर पडते ते आखरावरून. सकाळी ढोरं जमतात ते आखर. तिथलोक सारे वयखीचे. पुढं पांदन, मंग डांबरी सडक.

माही पोरगी आठवीले तालुक्याच्या शाळेत लागली. पोरीइले शाळेत नेनाऱ्या मानव विकासच्या सरकारी निळ्या गाडीनं जाचं होतं. पयल्या दिवशी आखरावर तिनं माहा सदरा धरला न् सोडेच ना. म्हने, बाबा, मी नाई जात. गाडी निंगून गेली. म्या रागावलो नाई, दोघंबी घरी आलो. रातच्याले तिची माय काईच बोलली नाई. सकाळी तिनं फडक्यात भाकर न् ठेचा बांधला, वरून पाच रुपये देल्ले, न् म्हनलं, “माही सुई तुटली. शाळेजवळच्या दुकानातून मोठ्या नाकाची पुडी आन. माह्या डोयाले बारीक नाक दिसत नाई.” पोरगी गाडीत बसली. शिकाले नाई गेली ते, सुई आनाले गेली. संध्याकाळी आखरावरूनच पुडी वर धरून दाखोत आली. ते पुडी अजून कोनाड्यात आहे. तिच्यातल्या दोनच सुया वापरल्या तिच्या मायनं.

तं शेवटी आनाच्याले ‘अमृत’ काऊन म्हनता? आमी वानोया म्हनतो.

पळसाचं पान :
धुरकरी भाऊ, ती पुडी डोळ्यांसमोरून जात नाही. मुलगी नाही म्हणाली त्या दिवसालाही कॅम्बेलच्या यादीत जागा आहे, ‘हाक नाकारणं’. तुम्ही रागावला नाहीत, म्हणून तर दुसरी सकाळ उगवली.

माझ्या मते अख्ख्या गोष्टीला ‘सीमोल्लंघन’ म्हणावं. दसऱ्याच्या संध्याकाळी शिवेपार जायचं, आपट्याचं सोनं आणायचं, आधी देवापुढं आणि मग थोरांच्या हातावर ठेवायचं. त्यामागं गोष्टही शिकण्याचीच सांगतात. वरतंतू गुरूनं दक्षिणा नको म्हटलं तरी त्याचा शिष्य कौत्स हट्टाला पेटला, तेव्हा गुरूनं १४ विद्यांच्या १४ कोटी मोहरा मागितल्या. रघुराजा सगळं धन द्यायला निघाला आणि कौत्स गुरूला देण्यापुरतंच घेतो म्हणाला. कालिदासानं हे फार सुंदर सांगितलंय.

माहेरवाशीण :
सीमोल्लंघनाला माझ्या माहेरी पुरुषच जायचे. आम्ही दारात तबक घेऊन. तबक हातात असताना शीव कशी ओलांडू, दादा? मॅडमच्या सभेत निम्म्याहून जास्त बायाच असणार.

पळसाचं पान :
खरं आहे. हे मी धरलंच नव्हतं. शब्द मागं घेतो.

तांड्यावरून :
पण परतणं इतकं सक्तीचं का? गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले, ते संसारात परत आले नाहीत. त्यांची गोष्ट अपुरी म्हणायची?

माहेरवाशीण :
बाबा लोकांकडं परतले. पण घरात राहिलेल्या त्यांच्या बायकोची, कुंताबाईंची गोष्ट कोण सांगतं? तीही मांडा ना एकदा त्या टप्प्यांत.

जुनी पोथी :
विषय भरकटतोय. धुरकरी यांच्या शब्दाकडं वळतो. प्रमाण रूप ‘वानवळा’, आणि तो वावरातल्या मालाचा असतो. तुरीच्या शेंगा, हुरडा, नवी वांगी शेजाऱ्याकडं, सोयऱ्याकडं पोचवायची, तो वानवळा. दुकानातून विकत आणलेली सुयांची पुडी वानवळा होत नाही.

धुरकरी :
सर, वानोया म्हनजे माल नव्हे. आपल्या हाती आलं ते पयले दुसऱ्याच्या घरी जाते, मंग आपन खातो, तो वानोया. पोरीनं पयल्या दिवशी जे आनलं ते मायच्या हातावर ठेवलं. आता बारावीत आहे ते. संध्याकाळी शेजारच्या तीन पोरीइले गनित शिकोते. हाबी वानोयाच.

पळसाचं पान :
‘वानगी’ आणि ‘वानोळा’ सख्ख्या बहिणी असाव्यात असं मला नेहमी वाटतं. वानगीदाखल म्हणजे नमुन्यापुरतं, आणि वानोळाही नमुन्यापुरताच देतात.

जुनी पोथी :
कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नाही.

शाळेतली सावली :
काल सभा झाली. नाव ठरलं नव्हतं, म्हणून फळा कोराच ठेवला. एवढंच विचारलं, “तुमच्या घरातून कोण कुठं गेलं, आणि येताना काय आणलं?” दीड तास कुणी उठलं नाही. सहीवाली आई तिसरी बोलली. बँकेत तिची पाळी आली तेव्हा समोरच्यानं न विचारताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते बोटानं हळूच मागं लोटलं आणि पेन मागितला. हे सांगताना तिनं टेबलावर बोट ठेवून पॅड कसं लोटलं ते करून दाखवलं. तिची लेक शेजारीच बसली होती. घरी काय आणलं, असं मी विचारलं तर म्हणाली, “पेन त्याईचा होता, तो वापस देल्ला. पोरीले मनलं, तुही पाटी कामाले आली.”

या गोष्टींची भिंतपत्रिका करतोय. शेवटच्या रकान्याला धुरकरी भाऊंचा शब्द देणार आहे. वानवळा लिहू, वानोळा, की वानोया?

जुनी पोथी :
शाळेच्या भिंतीवर प्रमाणच हवं, वानवळा. मुलं पुढं परीक्षा देणार आहेत. आणि ‘हिरोज जर्नी’ला शब्द अजून मिळालेला नाही, याची आठवण देतो.

धुरकरी :
लेकरं घरी ‘डोया’ म्हनतात न् शाळेत ‘डोळा’ लिवतात, त्याईले दोनीबी येते. मॅडम, त्या मायले इचारा कोनतं मोठ्या अक्षरात लिवाचं. आता तिले वाचता येते.

माहेरवाशीण :
माझं मत वानोळा. आमच्या घरी तसंच म्हणतात.

तांड्यावरून :
आमच्या गोरबोलीत यासाठी आईच्या तोंडी दुसराच शब्द आहे. ती वेचणीला गेलीय. संध्याकाळी आली की विचारून टाकतो, तोवर रकाना कोरा ठेवा.