डोंगरातल्या नदीची सरासरी धरून योजना आखणं आता तरी थांबवावं का?

डोंगरवाट:
धरण असो की जलविद्युत प्रकल्प, पद्धत ठरलेली. मागच्या तीस-चाळीस वर्षांच्या विसर्गाच्या नोंदी काढायच्या, सरासरी घ्यायची आणि पुढच्या पन्नास वर्षांचा हिशोब मांडायचा. डोंगराळ पाणलोटात तरी हे बंद व्हावं असं माझं मत. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे हवा १ अंशाने तापली की बर्फ आणि पाऊस यांच्यातली सीमा सुमारे १५० मीटर वर चढते. त्या पट्ट्यात जे बर्फ होऊन वसंतापर्यंत थांबायचं, ते हिवाळ्यातच पाऊस होऊन निघून जातं. वर्षाची बेरीज फारशी हलत नाही, पण ऐन उन्हाळ्यात पात्र रोडावतं. सरासरीत हे दिसतच नाही.

आकडेमोड्या:
असहमत. तीस वर्षांत कल शोधणाऱ्यांनी नाईलकडे बघावं. ओली वर्षं ओल्यांच्या मागे येतात, कोरडी कोरड्यांच्या, आणि हा खेळ दशकानुदशकं चालतो, हे नाईलचा अभ्यास करणाऱ्या हॅरॉल्ड हर्स्ट या जलशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच मांडलं. नाईलमधल्या रोडा बेटावरच्या (कैरो) पाणीपातळीच्या नोंदी सातव्या शतकापासूनच्या आहेत, त्यांतही हाच खेळ दिसतो. तेव्हा कोण कोळसा जाळत होतं? अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचंही तेच. १९२२ च्या करारात राज्यांनी तिचं पाणी वाटलं ते नेमक्या ओल्या वर्षांच्या भरवशावर. ती वर्षं कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी होती, हे १९७६ मध्ये झाडांच्या वाढवलयांवरून कळलं. फसवलं ते आखूड नोंदीने, तापमानाने नव्हे.

पाणकळा:
मुळात मोजतो तरी काय आपण? पर्जन्यमापक बसवतात दरीत, जिथे माणूस पोहोचतो. बर्फ पडतं वर, आणि वाऱ्यामुळे त्यातलं बरंचसं मापकात येतच नाही. वरच्या सिंधू खोऱ्यात मोजलेल्या पावसा-बर्फातून नदीतल्या पाण्याचा हिशोबच लागत नाही. नदीत पाणी जास्त भरतं! तुम्ही दोघंही या आकड्यांवर भांडताय. (चालू द्या, वाचतोय.)

डोंगरवाट:
@आकडेमोड्या, कोलोरॅडो तुम्हीच काढलंत ते बरं झालं. २००० ते २०१४ या काळात तिचा प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी होता आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा निव्वळ वाढत्या तापमानाचा, असा २०१७ मधला अभ्यास आहे. उरलेली तूट पावसाची. ती खुशाल हर्स्टच्या खात्यात टाका.

आकडेमोड्या:
एक तृतीयांश! म्हणजे मोठा वाटा माझाच की. आणि काराकोरमचं काय? शेजारचे हिमनद आक्रसत असताना तिथले कित्येक दशकं जवळपास स्थिर राहिले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या २००७ च्या अहवालात तर हिमालयातले हिमनद २०३५ पर्यंत संपतील असं छापून आलं होतं, ते पुढे मागे घ्यावं लागलं. ठामपणा जरा आवरा.

डोंगरवाट:
२०३५ ची चूक होतीच, तिचं समर्थन कोण करतंय? पण खरा घोळ उलटा आहे. हिमनद आक्रसत असताना सुरुवातीला नदीचं पाणी वाढतं, मग एक शिखर गाठून उतरतं. २०१८ मध्ये जगभरातली हिमनद असलेली ५६ मोठी खोरी तपासली, तर जवळपास निम्म्यांत ते शिखर येऊन गेलेलं होतं. शिखराच्या आधीच्या नोंदींची सरासरी काढणं म्हणजे मोडलेल्या मुद्दलाला उत्पन्न समजणं. आणि एकच फुटपट्टी सगळीकडे नको, हेही खरं. वरच्या सिंधू खोऱ्यात सुमारे ४० टक्के पाणी हिमनदांचं, वरच्या गंगा खोऱ्यात जेमतेम ११-१२ टक्के. तिथे पाऊसच राजा.

आकडेमोड्या:
मुद्दलाचा मुद्दा घेतला. पण सरासरी सोडून धरायचं काय? हवामानाची प्रारूपं (संगणकी मॉडेलं)? डोंगरी खोऱ्यांत पाऊस वाढणार की घटणार, यावरच त्यांचं एकमत नाही. त्यांच्या भरवशावर सांडव्याची क्षमता ठरवाल?

डोंगरवाट:
सांडवा नाही ठरवणार. पण तापमानाबाबत ती सगळी एकाच दिशेला बोलतात, आणि बर्फ कधी वितळेल हे ठरायला तेवढं पुरतं. निदान महिनावार विसर्ग मांडा, बर्फाचं पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं दाखवा. सध्या प्रकल्प अहवालात वर्षाचा एकच आकडा पुढे करतात, माझं भांडण त्याच्याशी आहे.

पाणकळा:
आणि वेगळं दाखवायला वर मापक कोण बसवणार?