कास्ट म्हणजे टाकणे की ओतणे? आणि 'कास्टेड' का चालत नाही?

शिरोली_क्वालिटी

इंग्रजीतल्या जाणकारांना विचारतोय. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये 'द पार्ट वॉज कास्टेड' असं लिहिलं की ग्राहकाकडून त्यावर लाल रेघ येते. नियम काय आहे? दुसरं म्हणजे, आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कास्ट म्हणजे बीड (ओतीव लोखंड) ओतणे. मग व्होट कास्ट करणे, सिनेमाची कास्ट, ब्रॉडकास्ट, फोरकास्ट आणि दाखल्यावरची कास्ट हे सगळं एकाच शब्दातून निघालंय का? लाइनवरच्या नव्या पोरांना हे समजावून सांगायचंय. एक धागा हाती लागला तर त्यांच्या लक्षात राहील.

रंकाळा_काठ

आधी नियम सांगतो. कास्टची तिन्ही रूपं एकच आहेत: कास्ट, कास्ट, कास्ट. पुट, कट, हिट यांच्यासारखंच. त्यामुळे 'द हाउजिंग वॉज कास्ट इन ग्रे आयर्न' हे बरोबर. 'कास्टेड' बऱ्याच ठिकाणी कानावर पडतं, संगणकवालेही सर्रास म्हणतात, पण प्रमाण लेखनात ते चूक धरतात. याचेच दोन भाऊ मात्र सुटलेत: 'ब्रॉडकास्टेड' आणि 'फोरकास्टेड' शब्दकोशांनी स्वीकारलेत. तरी तिथेही 'एड' न लावता लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही.

आता धागा. कास्टचा मूळ अर्थ 'टाकणे, फेकणे', ओतणे नव्हे. शब्द अस्सल इंग्रजीही नाही. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला स्कँडिनेव्हियातले नॉर्स लोक येऊन वसले, त्यांच्या बोलीतला 'कास्ता' हा शब्द इंग्रजीत मुरला आणि साधारण १२०० पासून लिखाणात दिसू लागला. टेक, गेट, डाय, एग हे रोजचे शब्दही तिकडूनच आलेत.

पोरांना शिकवताना मराठीतलं 'टाकणे' शेजारी ठेवा, निम्मं काम होऊन जाईल. जाळं टाकणे, नांगर टाकणे, फासे टाकणे, नजर टाकणे, मत टाकणे या सगळ्यांना इंग्रजीत कास्टच लागतं. सापाने कात टाकली तरी कास्ट. शेतात गांडुळं मातीवर ज्या बारीक गोळ्या टाकतात त्यांना वर्म कास्ट म्हणतात, म्हणून गांडूळखताच्या पिशवीवर 'व्हर्मीकास्ट' छापलेलं असतं. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध न येता दोघींनी एकाच क्रियापदावर इतकी ओझी लादली, हे मला फार सुंदर वाटतं. फरक सावलीपाशी पडतो. आपल्याकडे सावली 'पडते', इंग्रजीत झाड ती 'टाकतं'.

टाकण्यातून हिशेब निघाला. पूर्वी युरोपात पाटावर रेघा आखून त्यांवर सोंगट्या टाकत आकडेमोड करायचे, म्हणून कास्ट म्हणजे हिशेब करणे. पत्रिका मांडायला 'कास्ट अ होरोस्कोप' म्हणतात ते याच अर्थाने. आधीच हिशेब मांडून ठेवणे म्हणजे फोरकास्ट. हवामानासाठी हा शब्द रूढ केला ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी, आणि त्यांचा पहिला जाहीर अंदाज लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १ ऑगस्ट १८६१ रोजी छापून आला.

ब्रॉडकास्ट शेतातला आहे. बी कुरीने ओळीत पेरलं तर ते ड्रिलिंग, आणि मुठीने दूरवर फोकलं तर ब्रॉडकास्टिंग. अठराव्या शतकात हा शब्द पेरणीचाच होता. रेडिओने तो १९२० च्या सुमारास उचलला, कारण लहरीही तशाच चहूकडे फोकल्या जातात. पॉडकास्ट २००४ मधला. त्यात आयपॉडचा पॉड आणि ब्रॉडकास्टचा कास्ट आहे.

राहिलं ओतणं. टाकलेली वस्तू पडल्यावर जो आकार घेते, जशी मांडली जाते, त्यालाही कास्ट म्हणू लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस साच्यात ओतून घडवणे हा अर्थ पक्का झाला. नाटकातल्या पात्रांच्या मांडणीला सतराव्या शतकात तेच नाव मिळालं. म्हणजे तुमच्या शेडमधला कास्ट आणि सिनेमातली कास्ट ही एकाच घरातली भावंडं. 'टाइपकास्ट'ही नाटक-सिनेमातल्या याच कास्टवरून आला, टाइप म्हणजे ठरावीक प्रकार. छापखान्याचे शिशाचे खिळे ओतण्यालाही टाइपकास्ट म्हणत, पण नटाचा टाइपकास्ट त्यावरून आलेला नाही. एका नटाला कायम एकाच प्रकारची भूमिका, एवढाच त्याचा अर्थ.

ताणा_बाणा

वरच्या उत्तराला इचलकरंजीकडून एक जोड देतो. नॉर्स लोक यायच्या आधी इंग्रजीत 'फेकणे'साठी कोणता शब्द होता? 'वेओर्पान', म्हणजे आजचा वार्प. जर्मनमध्ये आजही फेकायला 'वेर्फेन' म्हणतात. कास्टने त्याला हुसकावलं. तो गेला कुठे, तर मागावर. बीमवरच्या उभ्या धाग्यांना आपण वार्प म्हणतो ना, तो हाच. ज्यांच्या आरपार धोटा फेकायचा ते धागे.

पुढे कास्टवरही तीच वेळ आली. रोजच्या बोलण्यात त्याची जागा 'थ्रो'ने घेतली. या थ्रोचा जुना अर्थ 'पीळ देणे, फिरवणे'. रेशमाच्या पीळ दिलेल्या धाग्याला अजून 'थ्रोन सिल्क' म्हणतात, आणि कुंभाराने चाकावर मडकं घडवलं की 'थ्रो अ पॉट'. तिथे कुणी काही फेकत नाही, चाक फिरतं.

तेव्हा फेकण्याच्या कामावर एकापाठोपाठ एक तीन शब्द आले. ज्याची पाळी संपली तो कारागिरांच्या हाती राहिला: वार्प विणकराकडे, कास्ट ओतकामाकडे. आज चेंडू 'कास्ट' केला असं कुणी लिहिलं तर इंग्रज वाचक अडखळतो. तिथे थ्रोच हवं. गळ किंवा जाळं असेल तर मात्र कास्ट.

वार्पचा दुसरा अर्थ तुमच्याही कामाचा आहे. पातळ प्लेटला जाड रिब असली की पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागाहून आकसतो आणि प्लेट ओढून वाकवतो. रिपोर्टमध्ये याला 'वार्प्ड' लिहायचं. 'बेंट' लिहिलं तर ग्राहक समजतो की वाहतुकीत मार बसला.

शिरोली_क्वालिटी

दोघांचेही आभार. वार्पचं माहीत नव्हतं. पण एक कोडं उरलं. मूळ अर्थ फेकणे असेल तर इंग्रजीत 'ओतणे'चा खास शब्द कुठे गेला? आणि 'पोअर' नि 'कास्ट' यांत रिपोर्टपुरता फरक कसा करायचा?

रंकाळा_काठ

जुन्या इंग्रजीत होता, 'गेओतान'. इंग्रजीतून तो गेला. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'गीसेन' जिवंत आहे, आणि तिथे ओतकामाचं क्रियापद अजून तेच आहे. या शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं की लॅटिनमधला 'फुंदेरे' म्हणजे ओतणे भेटतो, आणि त्यातूनच तुमची फाउंड्री आली. फॉन्टही तिथलाच, कारण फॉन्ट म्हणजे एका वेळी ओतलेला खिळ्यांचा संच. फुंदेरेचा दुसरा अर्थ वितळवणे, म्हणून वितळणारा तो विजेचा फ्यूज.

त्याच मुळाची संस्कृत फांदी म्हणजे 'हु' धातू. अग्नीत तूप ओततात ती आहुती, ते हवन, तो होम. पाणिनीय व्याकरणातल्या धातूंच्या तिसऱ्या गणाचं नावच जुहोत्यादि. पोरांना हे आवर्जून सांगा. फाउंड्रीतली 'फाउंड' आणि अंबाबाईच्या देवळात होमात पडणारी आहुती एका मुळाच्या आहेत. मात्र संस्था स्थापन करण्याचा 'फाउंड' वेगळा. तो तळ या अर्थाच्या शब्दावरून आलाय, त्याला यात ओढू नका.

गोकुळ_मशीनिंग

पोअर आणि कास्टचं उत्तर मी देतो. धातू पोअर होतो, पार्ट कास्ट होतो. लेडलमधून (रस ओतायच्या मोठ्या पळीतून) साच्यात जाणारा रस हे पोअरचं कर्म, तो थिजून निघणारी वस्तू हे कास्टचं. म्हणून 'मेटल वॉज पोअर्ड ॲट १४०० डिग्रीज' आणि 'ब्रॅकेट वॉज कास्ट ऑन १२ जून'. उलटसुलट केलं की वाचणारा गोंधळतो. आणि 'द कास्टिंग वॉज कास्टेड' यात तर चूकही आहे नि पुनरुक्तीही. 'द कास्टिंग वॉज पोअर्ड' हे मात्र शॉपफ्लोअरवर चालतं.

धातू सांगायचा तर 'इन': कास्ट इन ब्राँझ. साचा किंवा पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) सांगायचा तर 'फ्रॉम'. ड्रॉइंगवर 'ॲज-कास्ट' असेल तर त्या पृष्ठभागावर मशीनिंग करायचं नाही. 'कास्ट-इन' अक्षरं म्हणजे पॅटर्नवरच असलेली, ओततानाच उठणारी. पंच मारून काढलेल्या नंबराला कास्ट-इन लिहिलं की रिजेक्शनचं कारण तयार.

कास्ट म्हणायला वस्तू प्रवाही हवी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रबरी साच्यात प्लास्टर ओतून मूर्ती काढली तर ती कास्ट. शाडू हाताने साच्यात दाबून बसवला तर ती प्रेस्ड किंवा मोल्डेड. गुऱ्हाळावर गरम गूळ कापड घातलेल्या बादलीत भरतात आणि थिजल्यावर रवा, म्हणजे गुळाची ढेप, निघतो, त्यालाही इंग्रजीत बिनधास्त कास्ट म्हणता येईल.

पंचगंगा_घाट

दाखल्यावरच्या 'कास्ट'चं राहिलं. तो या घराण्यातला नाही. लोक म्हणतात, एका साच्यातली माणसं म्हणून कास्ट. तसं काही नाही. जातीचा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. त्याचा अर्थ वंश, कूळ, आणि त्यामागे लॅटिन 'कास्तुस' म्हणजे शुद्ध. इंग्रजीतला 'चेस्ट', म्हणजे शीलवान, हाही त्याच लॅटिन शब्दाचा.

गोंधळाला जुनं कारण आहे. इंग्रज लोक अठराव्या शतकापर्यंत जातीचा शब्दही शेवटचा 'ई' न लावता लिहीत. 'ई' असलेलं फ्रेंच वळणाचं स्पेलिंग १८०० नंतर स्थिरावलं. आज मात्र फरक काटेकोर पाळावा लागतो: जात असेल तर सी-ए-एस-टी-ई, बाकी सगळीकडे सी-ए-एस-टी. अर्जांवर, फ्लेक्सवर, अगदी छापील फॉर्मवरही हा 'ई' गळतो, आणि दाखल्याचं भाषांतर परदेशी विद्यापीठाला पाठवताना ते खटकतं.

'आउटकास्ट'ही दोन आहेत. 'ई' नसलेला म्हणजे समाजाने बाहेर टाकलेला कुणीही, चौदाव्या शतकापासूनचा शब्द. 'ई' असलेला एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे जातीबाहेर काढलेला. भाषांतर करताना मूळ मराठीत 'बहिष्कृत' आहे की 'वाळीत टाकलेला', आणि ते जातीवरून आहे का, हे पाहून मगच 'ई' लावायचा.

शिरोली_क्वालिटी

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटची शंका: हाडाला प्लास्टर घातलं की त्यालाही कास्ट म्हणतात ना?

रंकाळा_काठ

हो, पण अमेरिकेत. ब्रिटनमध्ये बोलताना 'प्लास्टर'च म्हणतात, 'हिज आर्म इज इन प्लास्टर'. विणकामातही असाच भेद आहे. सुईवर पहिले टाके घालणं दोन्हीकडे 'कास्ट ऑन'. शेवटचे टाके बंद करणं ब्रिटनमध्ये 'कास्ट ऑफ', अमेरिकेत 'बाइंड ऑफ'. तुमचा ग्राहक कुठला आहे ते पाहून शब्द घ्या. 'कास्टेड' मात्र दोघांकडेही चालणार नाही.