न्यू जर्सीत किराण्यासाठी कूपने वापरायला सुरुवात कशी करावी?

नाशिकची सून

मी चार महिन्यांपूर्वी नाशिकहून एडिसनला आले. घरात आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत, आणि किराणा, दूध, भाजी, साबण या सगळ्यांवर महिन्याला सुमारे नऊशे डॉलर खर्च होतात. शेजारच्या अमेरिकन बाई कूपने वापरून बरीच बचत करतात, हे पाहून मीही रविवारच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतली आठ-दहा कूपने कापली आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका मोठ्या दुकानात गेले. तिथे कॅशियरने दोन कूपने परत केली. कपड्यांच्या साबणाच्या कूपनावर मुदत ०५/०६ अशी स्पष्ट छापलेली होती, म्हणजे अजून आठवडाभर अवधी होता. दुसरे कूपन टूथपेस्टचे होते आणि माझ्या हातात त्याच कंपनीची टूथपेस्ट होती, तरीही ते चालले नाही. मागे रांग लागलेली असल्यामुळे कारण विचारण्याचा धीर झाला नाही.

फोनवर आता पाच दुकानांची अ‍ॅप आहेत आणि प्रत्येकात शेकडो कूपने दिसतात. ही व्यवस्था नेमकी कशी चालते आणि नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी, हे कोणी समजावून सांगेल का?

साजूक तूप

तुमच्या पहिल्या कोड्याचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०५/०६ म्हणजे ५ जून नसून ६ मे होय. तुमचे कूपन तीन आठवड्यांपूर्वीच बाद झाले होते. मी इथे आले त्या वर्षी याच चुकीपायी दुधाची एक अख्खी कॅन फेकून दिली होती, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. टूथपेस्टच्या बाबतीत कूपनावरचा बारीक मजकूर पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तिथे किमान वजन दिलेले असते आणि प्रवासासाठीच्या लहान ट्यूबा वगळलेल्या असतात.

आता मुख्य गोष्ट. भारतात पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्यामुळे आपल्याला वस्तूचा भाव लक्षात ठेवण्याची सवयच नसते. इथे तशी छापील किंमत नाही. तीच टूथपेस्ट या आठवड्यात साडेचार डॉलरला आणि पुढच्या आठवड्यात तीन डॉलरला मिळू शकते, आणि पलीकडच्या दुकानात तिचा भाव आणखी वेगळा असतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी एक वही करा. तुमच्या घरात नेहमी लागणाऱ्या वीसेक वस्तू लिहा आणि दोन महिने प्रत्येक बिलावरून त्यांचा भाव टिपत जा. बऱ्याच वस्तूंचा भाव साधारण सहा ते बारा आठवड्यांनी एकदा उतरतो, हे त्या वहीतून आपोआप कळते. कूपन मिळाले की लगेच वापरायचे नसते. मुदत संपण्यापूर्वी भाव उतरेल त्या आठवड्याची वाट पाहायची असते.

कूपनांचे मुख्य प्रकार दोन. एक उत्पादक कंपनीचे, जे ते घेणाऱ्या कोणत्याही दुकानात चालते आणि ज्याचे पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात. त्याबरोबर हाताळणीचे म्हणून प्रत्येक कूपनामागे सामान्यतः आठ सेंटही मिळत आले आहेत. दुसरे दुकानाचे स्वतःचे, जे फक्त त्याच साखळीत चालते. एका वस्तूवर एकाच प्रकारची दोन कूपने चालत नाहीत, परंतु कंपनीचे एक आणि दुकानाचे एक अशी जोडी पुष्कळ ठिकाणी चालते. मात्र कंपनीचेच कूपन कागदावर आणि अ‍ॅपमध्येही असले, तर त्यातले एकच लागू होते.

हिशेब असा पाहा. साडेचार डॉलरची टूथपेस्ट सेलमध्ये २.९९ डॉलरला आहे आणि तुमच्याजवळ कंपनीचे दोन डॉलरचे कूपन आहे, तर ती ९९ सेंटला पडेल. पण न्यू जर्सीत टूथपेस्टवर ६.६२५ टक्के विक्रीकर आहे, आणि कंपनी दुकानाला भरपाई देत असल्यामुळे हा कर ९९ सेंटवर नव्हे तर २.९९ डॉलरवर आकारला जातो. म्हणजे वीस सेंट आणखी. दुकानाच्या स्वतःच्या कूपनाने मात्र करपात्र रक्कमच कमी होते. खाण्याच्या बहुतेक किराण्यावर इथे कर नसल्यामुळे हा प्रश्न मुख्यतः साबण आणि प्रसाधनांपुरताच येतो.

अ‍ॅपमधली कूपने दुकानात पोचण्याआधी, घरीच निवडून ठेवा. पण दिसेल ते निवडू नका, कारण अशी बरीच कूपने एकदाच चालतात आणि पुढच्या खरेदीत ती वस्तू पूर्ण भावाने घेतली तरी आपोआप खर्ची पडतात. पाचपैकी चार अ‍ॅप काढून टाका. घराजवळच्या एकाच दुकानाची रीत नीट कळली की दुसऱ्याचे पाहता येईल.

हिशेबनीस

वरच्या उत्तरातले सगळे मान्य असूनही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. आपल्या स्वयंपाकघरात खरा खर्च तूरडाळ, तांदूळ, कणीक, भाजी आणि दूध यांवर होतो, आणि यांवर कंपन्यांची कूपने जवळजवळ नसतातच. कूपने असतात ती न्याहारीच्या तयार धान्यांवर, गोठवलेल्या पिझ्झ्यांवर, नव्या चवीच्या बिस्किटांवर. जे आपण एरवी घेतले नसते ते घ्यायला लावणे, हाच कंपनीचा त्यामागचा हेतू असतो. मी पहिले वर्षभर मोठ्या उत्साहाने कूपने कापली आणि वर्षअखेर पाहतो तर आमचा खर्च वाढलेला होता, कारण कपाट भरून अशा वस्तू आल्या होत्या ज्या मुलांनी एकदा चाखून बाजूला ठेवल्या.

त्याऐवजी फळीवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात दिलेला प्रति औंस किंवा प्रति पौंड भाव वाचायला शिका. तो दाखवणे न्यू जर्सीत कायद्याने आवश्यक आहे. समजा, नामांकित कंपनीचे १२ औंसांचे खोके ४.७९ डॉलरला आहे आणि तुमच्याजवळ एक डॉलरचे कूपन आहे, तर ते औंसाला सुमारे ३२ सेंट पडते. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाचे १८ औंसांचे खोके ३.४९ डॉलरला, म्हणजे औंसाला १९ सेंटांहून थोडे अधिक पडते आणि त्याला कूपन लागत नाही. डाळ-तांदळासाठी भारतीय दुकानांची आठवड्याची जाहिरात पाहा. तिथे कूपन नसते, पण भाव खरोखर उतरतात.

रारिटनकाठ

दोन गोष्टी जोडतो. जाहिरातीतली वस्तू संपली असेल तर ग्राहक सेवेच्या खिडकीवर रेन चेक मागावा. मर्यादित साठा असे आधी छापलेले नसेल, तर बहुतेक दुकाने ती चिठ्ठी देतात आणि माल आल्यावर सेलच्याच भावाने वस्तू मिळते.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. समाजमाध्यमांवर काही गट पैसे घेऊन मोठमोठ्या रकमांची कूपने विकतात. त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. कूपनाची छायाप्रत काढून वापरणे हीसुद्धा फसवणूकच ठरते. व्हर्जिनियात बनावट कूपने तयार करून विकणाऱ्या एका महिलेला २०२१ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात दुकाने आणि कंपन्यांचे नुकसान तीन कोटी डॉलरांहून अधिक झाले होते. आपल्यापैकी बरेच जण व्हिसावर आहेत, त्यामुळे या बाबतीत काडीचाही धोका पत्करण्यात अर्थ नाही. आणि हो, सार्वजनिक वाचनालयातल्या वर्तमानपत्रातून पुरवणी काढून नेऊ नये, हे सांगावे लागते याचे दुःख आहे.

साजूक तूप

हिशेबनीस यांचे म्हणणे डाळ-तांदळापुरते शंभर टक्के खरे आहे. पण आपल्या घरातली एक वस्तू त्यांच्या यादीतून सुटली, ती म्हणजे बिनमिठाचे लोणी. थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत इथे घरोघरी केक-बिस्किटे भाजली जातात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात लोण्याचे भाव उतरतात आणि दुकानांची कूपनेही त्याच सुमारास येतात. मी तेव्हा दहा-बारा पौंड घेऊन गोठवून ठेवते आणि लागेल तसे कढवते. तयार तुपाच्या बाटलीशी एकदा तुलना करून पाहा.

नाशिकची सून

सर्वांचे मनापासून आभार. पर्समधून टूथपेस्टचे कूपन शोधून काढले. त्यावर '३ औंस किंवा अधिक' असे लिहिले आहे आणि मी घेतलेली ट्यूब त्याहून लहान होती. चार अ‍ॅप काढून टाकली आणि वहीत वीस वस्तूंची यादी केली; तिच्यात न्याहारीचे तयार धान्य नाही, हे हिशेबनीस यांना कळावे. तूपताई, एक शंका आहे. गोठवलेले लोणी किती दिवस चांगले राहते?

साजूक तूप

मूळ वेष्टनात आणि वरून पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवले तर सहा ते नऊ महिने. शेजारी मासे किंवा चिरलेला कांदा ठेवू नका, लोणी वास चटकन ओढून घेते. आमच्याकडे नोव्हेंबरचे लोणी गणपतीच्या मोदकांपर्यंत पुरवायचे असे दरवर्षी ठरते, आणि दरवर्षी ते आंब्याच्या दिवसांतच पुरणपोळ्यांवर संपते.