अनाथ कोण, हे ठरवलं कोणी?

जुनी वही: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पोर्तुगीजांनी गोव्यातल्या पोरक्या पोरांना आसरा दिला, त्याला बाटवाबाटवी म्हणू नका." वाचून डोकंच फिरलं. १५५९ चा लिस्बनहून आलेला हुकूम काय होता? आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायची, बाप्तिस्मा करायचा, तिथेच शिकवायचं. काका-मामा पोसायला तयार असले तरी त्यांना विचारतो कोण? पुढे तर बाप गेला की पोर अनाथ, आई जिवंत असली तरी! ज्या बाईचं कुंकू पुसलं, तिचं मूलही न्यायचं, याला आसरा म्हणता?

माळरान: कायदा वाईटच होता, मान्य. पण आपल्या लोकांनी पोरक्यांना काय दिलं, तेही सांगा. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपाशी गेले. त्याच बाईने १८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली उचलून पुण्याजवळ केडगावला, आपल्या आश्रमात आणल्या. तेव्हा धर्मरक्षक कुठे होते?

फोंड्याची लेक: विषय गोव्याचा आहे, केडगाव कशाला आणलंत? केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, ते हौसेने नव्हे, पोर्तुगीज मुलखातून देव वाचवायला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: बाप वारला त्याच रात्री धाकट्याला घोंगडीत गुंडाळून होडीत घातलं. तेराव्यालाही थांबले नाहीत. पलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, जिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं, चुलता कंदील घेऊन उभा होता.

माळरान: केडगाव आणणारच! १९०० च्या दुष्काळात माझी पणजी सात वर्षांची होती. मिशनऱ्यांनी नेलं, जगवलं, वाचायला शिकवलं. पाऊस पडल्यावर ती गावी परत गेली, तर सख्ख्या चुलत्याने ओटीवरही चढू दिलं नाही. गोठ्याशी भाकरी टाकली. त्यानंतर तिने बाप्तिस्मा घेतला. तिला कोणी बाटवलं? मिशनने की चुलत्याने?

अभ्यासू: रमाबाईंवर शारदा सदन या त्यांच्या विधवांच्या शाळेपासूनच, १८९३ मध्ये, धर्मांतरावरून रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेण्याइतका वाद झाला होता. तिथे दबाव नव्हताच, असं म्हणणं भाबडेपणाचं.

माळरान: भाबडी म्हणा. पणजी जगली म्हणून मी लिहितेय.

जुनी वही: तुमच्या पणजीपुढे माझं तोंड बंद आहे. तिच्या चुलत्याची बाजू मी घेणार नाही. पण तिला चुलत्याने हाकललं. अंत्रुजात चुलता कंदील घेऊन उभा होता, आणि हुकूम त्याच्याकडूनच मूल काढून घेत होता. या दोघांना एकाच पारड्यात घालू नका, एवढंच माझं म्हणणं.