डिशवॉशर पाणी भरून घेतो आणि तिथेच थांबतो: बोर्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

सायंतारा

नमस्कार. आमचा डिशवॉशर सहा वर्षांचा आहे आणि आजवर त्याने कधीही त्रास दिला नव्हता. मधले अडीच महिने तो वापराविना पडून होता. आता सुरू केला की आधी अर्धा मिनिट आतले पाणी उपसल्याचा आवाज येतो, मग नळाचे पाणी आत येऊ लागते, दीड-दोन मिनिटांनी ते बंद होते आणि त्यापुढे भांडी धुण्याचे काम सुरूच होत नाही. एरवी या टप्प्यावर पाण्याचे फवारे दारावर आतून आपटल्याचा आवाज येतो, तो आता येत नाही. दहा-बारा मिनिटांनी सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात. दार उघडून पाहिले तर तळाशी स्वच्छ आणि थंड पाणी साचलेले असते, भांड्यांवर मात्र पाण्याचा थेंबही पडलेला नसतो.

मी गाळणी काढून धुतली, दोन्ही फिरते फवारे काढून त्यांची छिद्रे टाचणीने मोकळी केली आणि नळाला पुरेसा जोर आहे की नाही तेही बादली लावून पाहिले. दुरुस्ती केंद्राला फोन केला, तेव्हा समोरच्या व्यक्तीने माझे बोलणे पुरते ऐकून न घेताच ‘कंट्रोल बोर्ड गेला आहे, बदलावा लागेल’ असे सांगितले. यंत्राचे सगळे टप्पे चालवणारा हा इलेक्ट्रॉनिक बोर्ड यंत्रातल्या सर्वांत महाग भागांपैकी एक असल्याने, यंत्र न पाहता दिलेल्या या निदानावर विसंबून राहणे मला पटत नाही. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. बोर्डावर ठपका ठेवण्याआधी कोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमाने तपासाव्यात?

जुना पाना

सायंताराताई, तुम्ही घाई केली नाहीत हे फार चांगले झाले. पाणी भरल्यानंतर यंत्र अडते, तेव्हा ते बहुधा कशाची तरी वाट पाहत असते, आणि ते कशासाठी अडले आहे हे पुष्कळदा नुसत्या कानांनी कळते.

आधी क्रम सांगतो. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि साधारण तीन ते चार लिटर पाणी आत येते. ते पुरेसे झाले हे बोर्डाला दोन प्रकारे कळू शकते. काही यंत्रांत वाटेवर एक छोटे चक्र असते, त्याचे फेरे मोजले जातात. काहींत तळाशी हवेची एक लहान कोठडी असते. पाणी चढले की तिच्यातली हवा दाबली जाते आणि त्या दाबाने प्रेशर स्विच ‘टक्’ करून बसतो. ही खूण मिळाल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो, धुण्याचा मुख्य पंप चालू होतो आणि पाणी फवाऱ्यांतून फिरू लागल्यावरच हीटरला वीज मिळते. या साखळीतली जी कडी तुटेल, त्याच्या पुढचे काहीच होत नाही.

म्हणून तीन गोष्टी पाहून कळवा. पहिली गोष्ट अशी की पाणी आपोआप थांबते, की ठरावीक वेळ संपल्यावर यंत्रच हार मानते? हे ओळखण्यासाठी साचलेले पाणी स्पंजने टिपून मापाच्या भांड्यात मोजा. ते खूपच कमी भरले, तर पाणी येण्याच्या वाटेवर दोष आहे. नळाच्या जोडणीतली बारीक जाळी क्षारांनी बुजलेली असू शकते. ते दाराच्या खालच्या कडेपर्यंत चढले असेल, तर ती हवेची कोठडी किंवा तिची नळी तेलकट गाळाने बंद झाली आहे असे समजा. दुसरी गोष्ट म्हणजे, पाणी थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात दाराच्या खालच्या भागाला कान लावून नीट ऐका. तिसरी गोष्ट, वीज आणि नळ बंद करून दाराची कडी पाहा. दार मिटल्यावर कडीतला छोटा स्विच दाबला गेला पाहिजे. तो अर्धवट दाबला जात असेल, तर कंप बसल्याबरोबर यंत्र थांबते.

तळटीप

यात एक भर घालतो. बऱ्याच यंत्रांच्या अगदी तळाशी, पेटीच्या खाली, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा एक ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा असतो. गळती होऊन ट्रेमध्ये पाणी आले की तो तुकडा वर उचलला जातो, त्याच्यावरचा स्विच दाबला जातो आणि यंत्र सर्व कामे सोडून फक्त पाणी उपसत राहते. काही यंत्रांत तर दार उघडे असतानाही उपसा चालूच राहतो. तुमच्याकडे तसा सतत घरघरणारा आवाज येत नसेल, तर हे कारण बाजूला ठेवता येईल. हाताने भांडी घासण्याचा साबण चुकून यंत्रात वापरला गेला होता का, हेही आठवून पाहा. त्याचा फेस कडेने ट्रेमध्ये उतरतो, पंपाच्या तोंडाशी पाण्याऐवजी हवा येते, आणि यंत्रात काहीही मोडलेले नसताना ते बंद पडते.

सायंतारा

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे आज संध्याकाळी सर्व पाहिले.

पाणी मोजले तर ते साडेतीन लिटरच्या आसपास भरले. नळाच्या जोडणीतली जाळी काढली, तिच्यावर पांढरट थर होता पण ती बुजलेली नव्हती. तरीही धुऊन बसवली. साबण यंत्राचाच वापरला होता आणि फेस कुठेही नाही. दार उघडल्यावर उपसा चालू राहत नाही. दाराच्या कडीतला स्विच मल्टिमीटरवर नीट चालतो, दाबला की जोडतो आणि सोडला की तोडतो.

कान लावून ऐकल्यावर मात्र एक गोष्ट नव्याने कळली. पाणी थांबल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी खालून अगदी हळू ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, एखादा ट्रान्सफॉर्मर गुणगुणावा तसा. तो आठ-दहा सेकंद टिकतो, मग थांबतो, आणि जवळजवळ एका मिनिटाने पुन्हा येतो. असे तीन वेळा झाले आणि त्यानंतर सगळे शांत झाले. स्वयंपाकघरातले इतर आवाज बंद केले नसते, तर हे माझ्या लक्षातही आले नसते. हे पंपाचे लक्षण आहे का?

जुना पाना

होय, आणि तुमच्या या निरीक्षणाने प्रश्न जवळजवळ सुटला आहे. पाणी योग्य मापाने भरून आपोआप थांबते, म्हणजे व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी ओळखणारा भाग आणि दाराचा स्विच हे तिन्ही ठीक आहेत. शिवाय गुणगुण ऐकू येते याचा अर्थ बोर्ड मुख्य पंपाच्या मोटरला वीज पोहोचवतो आहे; जो भाग आपले काम करतो आहे, त्याच्यावर सर्वांत आधी संशय घेण्याचे कारण नाही. वीज मिळूनही मोटर फिरत नाही, इतकेच आता शोधायचे उरले आहे.

त्याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक म्हणजे मोटरचा दांडा किंवा पंपाचे पाते अडकलेले असते. गाळणी चुकवून गेलेली काचेची कपची पात्यात रुतते, किंवा यंत्र बरेच दिवस बंद राहिले की सीलच्या (दांड्याभोवतून पाणी मोटरकडे गळू न देणाऱ्या भागाच्या) दोन चकत्यांमधले पाणी वाळते आणि मागे राहिलेले क्षार त्यांना एकमेकींना चिकटवून टाकतात. अडीच महिन्यांचा खंड पाहता मला दुसरी शक्यता जास्त वाटते. दुसरे कारण म्हणजे मोटरचा कपॅसिटर उतरलेला असतो. मोटरला सुरुवातीचा रेटा त्याच्यामुळे मिळतो. तो अशक्त झाला की मोटर जागच्या जागी गुणगुणते, आणि तापली की आतले संरक्षण तिला काही काळ बंद करते.

आता काम कसे करावे ते सांगतो. प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. नळ बंद करा, साचलेले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत टिपून घ्या, कारण यंत्र आडवे केल्यावर उरलेले पाणी बोर्डावर किंवा मोटरवर ओघळू शकते. मग यंत्र जाड चादरीवर मागच्या बाजूने निजवून खालचे झाकण काढा. मुख्य मोटर लगेच ओळखू येते. ती पाणी उपसणाऱ्या पंपापेक्षा बरीच मोठी असते. तिच्या मागच्या टोकाला दांडा दिसत असेल, तर तो स्क्रूड्रायव्हरने किंवा बोटांनी हलकेच फिरवून पाहा. तो मऊ, एकसारखा फिरायला हवा.

मोटरला सिलिंडरच्या आकाराचा पांढरा कपॅसिटर लावलेला दिसला, तर त्याला थेट हात लावू नका. वीज काढल्यानंतरही त्याच्यात भार राहू शकतो. काही हजार ओहमचा रेझिस्टर, त्याच्या तारा चिमट्याने धरून, दोन्ही टोकांवर काही सेकंद टेकवा. नंतर मल्टिमीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच त्याच्या तारा सोडवा. त्याची क्षमता किती मायक्रोफॅरड आहे ते त्याच्यावर छापलेले असते. मोजलेला आकडा छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-दहा टक्के इकडे-तिकडे असेल तर चालते, निम्म्यावर आला असेल तर तो बदलावाच लागतो. नव्या धाटणीच्या काही मोटरांना कपॅसिटर नसतो. त्यांच्या जोडणीला तीन पिना असतात आणि कोणत्याही दोन पिनांमधला रोध सारखाच भरला पाहिजे.

एक काम मात्र कृपया करू नका: यंत्र उघडे असताना वीज देऊन दांडा हाताने ढकलून पाहणे. असे करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या बोटाला झालेली जखम अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सायंतारा

आज सकाळी भावाच्या मदतीने यंत्र निजवले. दांडा सुरुवातीला जराही हलला नाही. त्याच्याभोवती कोमट पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक अॅसिडचे काही थेंब सोडावेत असा विचार मनात आला होता, पण मोटरच्या बाजूने ओलावा जाऊ नये म्हणून तो सोडून दिला आणि तेच पाणी पेटीच्या आतून, गाळणीच्या खळग्यात भरले. त्यासाठी यंत्र पुन्हा उभे करावे लागले. अर्ध्या तासाने पाणी टिपून घेतले, यंत्र निजवले आणि पान्याने अगदी थोडा जोर लावला, तेव्हा ‘करर्’ असा कोरडा आवाज होऊन दांडा सुटला. पहिले दोन-तीन फेरे खरखरीत होते, नंतर तो मोकळा फिरू लागला. सीलच्या कडेला मिठासारखी पांढरी, कडक कड जमलेली दिसली. कपॅसिटर तुम्ही सांगितले तशी काळजी घेऊन मोजला: छापील आकडा 4 मायक्रोफॅरड आहे आणि मोजणी 3.8 आली, म्हणजे तो ठीक आहे.

सर्व जोडून, रिकामे यंत्र सर्वांत छोट्या कार्यक्रमावर लावले. पाणी भरले, थांबले, आणि दोन सेकंदांनी फवाऱ्यांचा आवाज सुरू झाला. पूर्ण कार्यक्रम विनाअडथळा झाला आणि शेवटी आतली वाफही गरम होती, म्हणजे हीटरही चालतो आहे. बोर्डाला आम्ही स्पर्शही केला नाही.

एक शंका उरली आहे. क्षारांनी चिकटलेले सील ओढून सुटले, तर पुढे ते गळण्याचा धोका आहे का?

जुना पाना

आहे. चकत्यांचा गुळगुळीतपणा थोडा जरी गेला असेल, तरी तिथून बारीक पाझर सुरू होतो आणि तो थेंब मोटरच्या बेअरिंगवर पडतो. पुढचे आठ-दहा वेळा यंत्र लावाल, तेव्हा मोटरच्या खाली ट्रेमध्ये कोरड्या कागदाची घडी ठेवा. थर्माकोलच्या तुकड्याला ती लागणार नाही एवढे पाहा. दर वेळी यंत्र संपल्यावर, प्लग काढून, कागद बाहेर घेऊन पाहा. तो कोरडा राहिला, तर सील राहू द्या. त्याच्यावर पांढरट कडेचा गोल डाग उमटला, तर फक्त सील बदलून घ्या. पुष्कळ मोटरांसाठी ते सुटे मिळते आणि त्यासाठी अख्खा पंप विकत घ्यावा लागत नाही. पाण्यातले क्षार कमी करण्यासाठी यंत्रात मीठ घालण्याची जी टाकी असते, तिच्यात मीठ आहे का, तेही आजच पाहून ठेवा, कारण ज्या क्षारांनी हे सील धरले, तेच हीटरवरही जमत असणार.

सायंतारा

मिठाची टाकी उघडून पाहिली. तिच्यात फक्त पाणी होते. मीठ भरले आहे आणि कागदाची घडीही ठेवली आहे. दहाव्या वेळेनंतर तिची अवस्था इथेच कळवते.