डिग्री सोडा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न

माणदेशी_लेक
परवा इथे एकांनी लिहिलं: "मुलांना इंजिनिअरिंगला घालून चार वर्षं आणि लाखो रुपये वाया घालवू नका. लॅपटॉप घेऊन द्या, यूट्यूबवर शिकू दे, गिटहबवर कोड टाकू दे, कंपन्या आपणहून बोलावतील." खाली टाळ्यांचा पाऊस. माझा भाचा ते वाचून इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्मच भरायचा नाही म्हणून अडून बसलाय, म्हणून लिहायला बसले.

मी आटपाडीकडची. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, मग पुण्यात नोकरी. १३ वर्षं झाली. आता मुलाखती मीही घेते. फ्रेशरचा अर्ज माझ्या टेबलावर येतो तो एचआरच्या चाळणीतून. पदवी कोणती? दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे ६० टक्के आहेत का? बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, आहे का? गिटहब मी आवर्जून उघडते, पण चाळणीवर राहिलेल्यांचंच. गळून पडलेल्या पोराने कितीही चांगला कोड लिहिलेला असो, मला तो दिसतच नाही. पुढे अमेरिकेला जायचं ठरलं तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव विचारतात. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याच्या पोराला "डिग्री सोड" सांगताना जरा विचार करा.

नाशिकचा_कोडर
ती पोस्ट माझीच. मी बारावी कॉमर्स. १९व्या वर्षी एका द्राक्ष निर्यातदाराला मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करून दिलं, आज चार माणसं माझ्याकडे कामाला आहेत. त्यातले दोघे कॉम्प्युटर इंजिनिअर. पहिल्या दिवशी त्यांना गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, काय ते मी शिकवलं! चार वर्षं काय शिकले, तर टर्बो सी, म्हणजे सी आणि सी++चा कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा जुना कंपायलर. सी++चं पहिलं मानक १९९८ला आलं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. एवढे पैसे भरून ती निळी खिडकी बघायची?

तासिका_तत्त्व
टर्बो सीला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या लॅबमध्ये ६० पोरं आणि चालू मशीन २२. नेट असलं तर असलं. मी पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, उन्हाळ्यात पगार शून्य, दिवाळीचा पगार संक्रांतीला. तुमच्या कंपन्यांतला एक माणूस तरी कधी येऊन तास घेतो का?

सबमिशन_२०१९
सर, पगाराचं वाईट वाटतं, मनापासून. पण माझंही ऐका. सेकंड इयरला मी फॅक्टोरियलचा, म्हणजे १पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम लिहिला. ७ टाकलं, ५०४० आलं. ८ टाकलं, तर उणे २५२१६! मी हात वर केला. सर म्हणाले, "इनपुट ७ पर्यंतच द्यायचं, जर्नलला तेवढंच लागतं." टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा असतो, ३२७६७च्या पुढे उलटा फिरतो, हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या मुलाखतीत मी टर्बो सीच्या सवयीने आयओस्ट्रीम डॉट एच आणि सीएलआरएससीआर लिहिलं. त्यांचा कंपायलर पहिल्याच ओळीला अडला. मी १० मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले आणि घरी आले. प्रॅक्टिकलला मला ५०पैकी ४८ होते.

तासिका_तत्त्व
बाहेरून येणारे परीक्षक टर्बो सीच उघडायला सांगतात. पोरं नापास झाली तर जबाबदार कोण, तुम्ही?

सबमिशन_२०१९
जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट आहे सर. हलकं लिनक्स २ जीबी रॅमवरही चालतं. मशीन जुनी आहेत हे कारण नाही. तुम्ही करून बघितलंत का एकदा तरी?

तासिका_तत्त्व
आवाज चढवू नका.

मेकॅनिकल_ते_जावा
दोघांनी दमानं घ्या. मी मेकॅनिकलची. चाकणला दीड वर्ष शिफ्ट केली, मग सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा डॅक हा सॉफ्टवेअरचा कोर्स केला. सहा महिने सकाळी लेक्चर, दुपारपासून लॅब, रात्री खोलीवर परत तेच. नोकरी त्या सहा महिन्यांनी दिली, चार वर्षांनी नाही. नाशिकवाले दादा एवढ्यापुरते बरोबर. पण सी-कॅटला बसायलाही पदवी लागलीच. ताईंचं म्हणणं तिथे खोडता येत नाही.

माणदेशी_लेक
दादा, एक सरळ विचारते. ते द्राक्षवाले तुम्हाला कसे भेटले?

नाशिकचा_कोडर
मामांचे मित्र. त्याआधी दोन वर्षं मी अर्ज टाकत होतो, एकाचंही उत्तर आलं नाही. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, मान्य. तरी कॉलेजच्या भरवशावर बसू नका, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

माणदेशी_लेक
ते मीही म्हणत नाही. माझ्या भाच्याला मामांचे तसे मित्र नाहीत, मावशी आहे, आणि तिची कंपनी पदवी मागते. आज रात्री बसून त्याचा ऑप्शन फॉर्म भरणार आहे. गिट तुम्ही शिकवा.

नाशिकचा_कोडर
पाठवा रविवारी.

तासिका_तत्त्व
मी करून बघितलं नव्हतं, हे खरं. सोमवारी दोन मशीनवर लिनक्स टाकतो. पण प्रॅक्टिकल परीक्षेला मी एकटाच उभा असतो तिथे, एवढं लक्षात असू द्या.

सबमिशन_२०१९
सर, पोरांना ८चं फॅक्टोरियल काढायला लावा. टर्बो सी आणि जीसीसी, दोन्हीकडे.