टेक्सासला शिफ्ट होतोय, स्वतःच्याच लेकीला दत्तक घ्यायचं का?

फणसपोळी: आम्ही दोघी न्यू जर्सीत, लग्न झालेलं, लेक दीड वर्षाची. बाळंतपण बायकोचं, डोनर बँकेतून, बर्थ सर्टिफिकेटवर दोघींची नावं. आता माझा जॉब डॅलसला चाललाय तर वकीलबाई म्हणतात निघायच्या आधी इथल्या कोर्टातून अडॉप्शन उरकून घ्या. जी रोज माझ्याच खांद्यावर लाळ गाळत झोपते तिला मी दत्तक घ्यायचं, वर फी भरायची?? की उगाच बिल फुगवतायत? आणि टेक्सासने ते मानलंच नाही तर?

घाटावरचा: मला नाही वाटत गरज आहे. २०१५ ला समलिंगी लग्नाचा निकाल लागला, २०१७ ला आर्कान्सासच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेटवरही आईच्या बायकोचं नाव लावा म्हणून सांगितलं. अजून काय पाहिजे?

निशिगंध_अटलांटा: घाटावरचा, सर्टिफिकेट म्हणजे नुसती सरकारी नोंद हो, उद्या कोणी कोर्टात आव्हान दिलं तर ती टिकेलच असं नाही. ओक्लाहोमात २०२३ ला खालच्या कोर्टाने लग्नाच्या बायकोला बाजूला सारून डोनरला बाप ठरवलं, का तर तिने मूल दत्तक घेतलं नव्हतं. अडॉप्शन हा कोर्टाचा निकाल असतो आणि एका राज्याचा निकाल दुसऱ्याने मानायचा हे घटनेतच आहे. आमच्या जॉर्जियाचीच केस बघा, दोघी राहायच्या अलाबामात, तीन मुलं, २००७ ला इथल्या कोर्टातून अडॉप्शन केलं, नंतर फाटलं आणि जन्म देणारी म्हणायला लागली ते अडॉप्शनच बेकायदेशीर. अलाबामाच्या वरच्या कोर्टाने २०१५ मध्ये तिचं ऐकलंसुद्धा! जॉर्जियाच्या कोर्टाला तो अधिकारच नव्हता म्हणे. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोंडी युक्तिवादही न घेता एकमताने तो निकाल फिरवला. टेक्सासलाही तेच लागू. तुम्हा दोघींचं उद्या वाजेल असं म्हणत नाहीये, पण बायको आयसीयूत असली आणि तिच्या माहेरचे येऊन उभे राहिले तर? करून टाका.

पुणेरी_पाटी: ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉप्या जास्तीच्या घ्या, एक गाडीत ठेवा. मात्र हे सगळं अमेरिकेपुरतं, भारतात ही ऑर्डर चालेल असं धरून चालू नका. २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नालाही नाही म्हटलंय आणि जोडप्याने मिळून दत्तक घ्यायलाही.

फणसपोळी: माहेरचे उभे राहिले तर... हो, तेवढं एकच पुरे आहे, उद्याच फोन करते. होम स्टडीवाल्या, म्हणजे दत्तकाआधी घर बघायला येणाऱ्या, बाई येतात तेव्हा घर कितपत आवरलेलं लागतं? आमच्याकडे सध्या सोफ्यावर सुद्धा वरणभात आहे.

निशिगंध_अटलांटा: वरणभात चालतो. आधी वकीलबाईंना विचारा होम स्टडी लागतेय का ते, काही ठिकाणी अशा केसमध्ये माफ करतात.